वर्ष : माहीत नाही

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करण्यासाठी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना अंबड-घनसावंगीकडच्या गावांत धाडले, तेव्हा प्रश्नावली आम्हीच तयार केली होती. ‘जालना जिल्ह्यातील दुष्काळ’ असे तिचे शीर्षक. (जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, कालक्रमाची पहिली चूक आमचीच.) पहिला रकाना ‘घटनेचे वर्ष’ असा होता आणि त्यापुढे बहुतेक कागदांवर ‘माहीत नाही’ असे लिहून आले. एका आजींचे बोलणे मात्र विद्यार्थिनीने समासात उतरवून घेतले होते : “साल काय ठावं, लेकरा? थोरली कडंवर व्हती, धाकटा पोटात व्हता, अन् सडकंवर खडी फोडायला जात व्हते. मिलोच्या भाकरी मागून आल्या.” इतके नेमके सांगणाऱ्या बाईच्या नावापुढे ‘माहीत नाही’ हा शेरा पडला, तो आमच्या रकान्यामुळे.

मेंदूला साल ठाऊक नसते, क्रम ठाऊक असतो. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसला लागून मेंदूचा एक भाग आहे. तेथील पेशींची हालचाल अनुभवागणिक बदलत जाते आणि त्या बदलावरून कोणता अनुभव आधीचा, कोणता नंतरचा हे ओळखता येते, असे त्यांना आढळले. तेथे टिकटिकणारे घड्याळ नाही. अनुभवांचा ओघ हेच कालमापन. उंदरांना एकाच ठरावीक वाटेवरून पुन्हा पुन्हा फिरवले, तेव्हा एका फेरीतला काळ अधिक नीट उमटला, पण ही फेरी कितवी हे पुसट झाले. खडी फोडण्याचे महिने सगळ्यांच्याच सांगण्यात एकजीव का होतात, याचा काहीएक उलगडा आम्हांला येथे झाला. सकाळची हजेरी, दुपारची सुकडी, संध्याकाळची वाट हे सारे ओळीने आठवते. असे दिवस किती गेले, ते आठवत नाही.

मराठीच्या अभ्यासकांना तरी हे नवे वाटू नये. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्यांच्या अनुयायांना विचारून विचारून जमवल्या. ‘लीळाचरित्रा’ची एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध ही विभागणी पंचांगावरून केलेली नाही, स्वामी एकटे हिंडले तो काळ म्हणजे एकांक. लीळेत गाव येते, देऊळ येते, कोण जवळ होते ते येते. शकाचा आकडा शोधावा लागतो. सांगणाऱ्यांना जसे आठवत होते त्या चालीनेच म्हाइंभटांनी विचारले असावे, असे आमचे अनुमान आहे. सातशे वर्षांनी आम्ही मात्र रकाने आखून निघालो.

सांगितलेला प्रत्येक क्रम खरा, असा आमचा दावा नाही. एकाच प्रसंगातील क्रम माणसाला चांगला आठवतो आणि प्रसंग बदलला की त्या सीमेवरचा क्रम डळमळतो, असे प्रयोगांतही दिसले आहे. आजींच्या शेजारणीने विहिरीचे काम सडकेच्या आधी सांगितले, आजींनी नंतर. दोघींना समोरासमोर बसवायला हवे होते. ते आम्ही केले नाही.

इतिहास विभागातील आमच्या स्नेह्यांना हे सारे मान्य नाही. सालाविना नोंदी ताडून पाहता येत नाहीत, हा त्यांचा आक्षेप रास्तच आहे. पण साल दप्तरात सापडते, धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरही सापडते. मिलो आधी की सडक आधी, हे सांगणारी माणसे आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, आणि १९४८ ची पोलीस ॲक्शन पाहिलेली तर पंच्याऐंशीच्या. येत्या दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी पुन्हा त्याच गावांत जातील. वर्षाचा रकाना शेवटी नेला आहे. पहिला प्रश्न आता असा आहे : तेव्हा कडेवर कोण होतं?