शब्दओळख : ‘हँड’ कमी आहेत, म्हणजे कोण कमी आहे?

देहूहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा थोरला मुलगा तळवड्याच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला आहे. सुटायची वेळ झाली की त्याचा फोन येतो, ‘अम्मी, आज हँड कमी आहेत, डबल ड्यूटी करून येतो.’ त्या विचारतात, ‘हँड म्हणजे हात, एवढे शाळेपासून ठाऊक आहे. पण हात कमी आहेत म्हणजे काय? या शब्दाचे आणखी किती अर्थ आहेत, ते एकदा नीट सांगा.’

प्रश्न साधा वाटतो, पण या शब्दाचा पसारा मोठा आहे. म्हणून या महिन्याचे सदर ‘हँड’साठीच.

आधी घरातल्या ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करू. हँडवॉश, हँडपंप, हँडब्रेक, हँडबिल, हँडलूम. यांत ‘हँड’ म्हणजे सरळ हात : हाताने चालणारे, हाताने वाटायचे, हाताने विणलेले. हँडलूमला आपल्याकडे हातमाग हा नेमका शब्द आहेच. दाराचे किंवा सायकलचे ‘हँडल’ म्हणजे हाताने धरायची जागा. ‘हँडसम’ हा शब्दही हातातूनच निघाला. हाताळायला सोपे, सोयीचे असा त्याचा जुना अर्थ. देखणा हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

काही शब्द आपण आपल्या सोयीने वळवून घेतले. इंग्रज ‘हँडशेक’ म्हणतो, आपण ‘शेकहँड’ करतो. इंग्रज नुसते ‘ग्लोव्हज’ म्हणतो, कारण ते हातातच घालायचे असतात. आपण ‘हँडग्लोव्हज’ म्हणतो. यात चुकले काही नाही, शब्द ज्याच्या घरी राहतो त्याच्या चालीने चालतो. हँडग्लोव्हजबद्दल एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. पत्रा उचलताना ते हात वाचवतात, पण ड्रिल किंवा लेथसारख्या फिरत्या यंत्रावर तेच हात ओढून नेतात. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे आणि लांब बाह्या चालत नाहीत.

‘सेकंड हँड’ म्हणजे दुसऱ्याच्या हातातून आलेली, वापरलेली वस्तू. घड्याळाच्या सेकंद काट्यालाही इंग्रजीत ‘सेकंड हँड’च म्हणतात, कारण आपण ज्याला काटा म्हणतो त्याला ते हात म्हणतात. तेव्हा इंग्रजीच्या पेपरात घड्याळाचे चित्र असेल, तर मुलाने ‘जुने घड्याळ’ असे उत्तर लिहू नये! ‘हँड लोन’ म्हणजे आपले हातउसने. आणि नोकरीच्या चौकशीत हमखास येणारा शब्द म्हणजे ‘इन हँड’. ‘इन हँड किती मिळतात?’ म्हणजे कपाती जाऊन हातात किती पडतात. कपातींचा विषय पुढे येणारच आहे.

ओळख लपवलेले हात

इंग्रजीतले काही शब्द वरून हाताचे वाटत नाहीत, पण मुळात हाताचेच आहेत. लॅटिन भाषेत हाताला ‘मानुस’ म्हणतात. त्यावरून ‘मॅन्युअल’ आला. ‘मॅन्युफॅक्चरिंग’चा मूळ अर्थ हाताने घडवणे. चाकणच्या रस्त्यावर पाटी पाटीवर हा शब्द दिसतो आणि आत रोबो वेल्डिंग करत असतो. ‘मेंटेनन्स’ म्हणजे मुळात हातात धरून ठेवणे. ‘मॅनेजर’ही याच घरातला. इटालियन भाषेत घोडा हाताने काबूत ठेवण्याला जो शब्द होता, त्यावरून ‘मॅनेज’ आला. म्हणजे काचेच्या केबिनमधला साहेब आणि यंत्रावरचा ‘हँड’ या दोघांचीही नावे हातावरूनच पडली आहेत.

‘सर्जन’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ हाताने काम करणारा. ‘हँडिकॅप’विषयी एक गोष्ट सांगतात की टोपी हातात घेऊन भीक मागणाऱ्यावरून तो आला. ती गोष्ट खरी नाही. वस्तूंच्या अदलाबदलीचा एक जुना खेळ होता, त्यात पैजेचे पैसे ठेवलेल्या टोपीत हात घालायचा. त्या खेळावरून हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला आणि तिथून पुढे अपंगत्वाला लावला गेला. भिकेशी त्याचा काहीही संबंध नाही.

माणसाऐवजी हात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्रजीत ‘हँड’चा एक अर्थ कामगार असाही आहे. जहाजावर सगळ्या खलाशांना वर बोलवायचे तर ‘ऑल हँड्स’ अशी आरोळी देत. आपल्या कोकणातल्या ज्या वाचकांचे आजे-पणजे बोटीवर होते, त्यांनी घरी हा शब्द ऐकला असेल. जहाजावरून तो शेतावर आणि गिरणीत गेला : फार्म हँड, मिल हँड. चार्ल्स डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ या १८५४ सालच्या कादंबरीत गिरणीगावातल्या कामगारांना सगळे ‘हँड्स’ म्हणूनच ओळखतात आणि त्या नावातला कमीपणा डिकन्सने चांगलाच दाखवून दिला आहे. मालकाला हात हवे असतात. हातामागून जे येते, म्हणजे पोट, झोप, आजारपण, मुलेबाळे, ते हिशेबात धरायचे नसते.

हाच शब्द मुंबईच्या गिरण्यांत आला. तिथे एका माणसाने तो उचलून थेट मागणीच्या कागदावर ठेवला. हा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यांनी उभी केलेली संघटना ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळी मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही याच गिरण्यांत मागावर उभे राहत.

निवेदनातल्या मागण्या आज वाचल्या तरी जुन्या वाटत नाहीत. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जो कायमचा अधू झाला त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था. रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली. पाचव्या मागणीसाठी मात्र १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा येईपर्यंत, म्हणजे ३९ वर्षे, थांबावे लागले.

मिळवते हात, खाणारी तोंडे

कोणी म्हणेल, मराठीतही आपण हात मोजतोच की. ‘कामाला हात कमी पडतात’, ‘घरात मिळवते हात दोन’ असे आपण बोलतो. खरे आहे. पण पुढचे वाक्य आठवून पाहा : ‘मिळवते हात दोन आणि खाणारी तोंडे सात.’ मराठीने हात मोजला की लगेच तोंडही मोजले. ‘हातावर पोट’ हा आपला शब्दप्रयोग तर दोघांना सुटेच होऊ देत नाही. इंग्रजीत अशा जगण्याला ‘हँड टू माउथ’ म्हणतात, पण हजेरीच्या वहीत फक्त ‘हँड’ जातो, ‘माउथ’ घरी राहते.

फारसीत हाताला ‘दस्त’ म्हणतात. दस्तखत, दस्तऐवज हे रोजचे शब्द त्यातूनच आले. त्याच दस्तावरून आलेले एक नाव आपल्या घराघरांत आहे : दस्तगीर. अर्थ, हात धरणारा. पडत्याला हात देतो तो दस्तगीर. एका भाषेने हात राबवण्यासाठी मोजला, दुसरीने तो धरण्यासाठी पुढे केला.

हाताचा हिशेब

हे सगळे कशासाठी सांगायचे? कारण प्रेस शॉपमध्ये ‘हँड’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. पॉवर प्रेसला ‘टू हँड कंट्रोल’ असते. दोन बटणे अशा अंतरावर लावलेली असतात की दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हात बटणावर असले की ते डायमध्ये असू शकत नाहीत, इतकी साधी युक्ती आहे ही. पण उत्पादन वाढवायचे म्हणून कुठे एक बटण दाबूनच बांधून ठेवतात, कुठे सेन्सर बंद करतात. त्यात माणसे कमी, डबल ड्यूटी आणि सोळाव्या तासाची झोप. तेव्हा ‘हँड कमी आहेत’ हे वाक्य दुसऱ्या अर्थानेही खरे ठरते.

१९२३ च्या कायद्याला जोडलेल्या तक्त्यात बोटांचाही हिशेब आहे. कमाईची ताकद किती टक्के गेली, ते त्यात लिहिले आहे : अख्खा अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, आणि पूर्ण हात ६०. वाचताना अंगावर काटा येतो. पण हा तक्ता नव्हता तेव्हा तुटलेल्या बोटाची किंमत शून्य होती, हेही विसरू नये.

म्हणून घरातले कोणी कारखान्यात जात असेल, तर ‘इन हँड किती?’ याच्यासोबत ‘ईएसआय कापतात का?’ हेही विचारा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालकाला ३.२५ टक्के भरावे लागतात. पंधरा हजार पगारावर आपले जातात सुमारे ११३ रुपये. ते वाचले म्हणून खूश होऊ नका. कामावरच्या दुखापतीला हा विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो. काम बंद असेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व आले तर त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक लाभ. ठेकेदाराचा कामगार असला तरी वर्गणी भरली जाण्याची जबाबदारी मुख्य मालकाची असते. विमा क्रमांक अपघातानंतर नव्हे, कामाला लागतानाच घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या फोनमध्येही ठेवा. अपघात झालाच, तर त्याची लेखी नोंद झाल्याशिवाय तिथून हलू नका, अर्थात जखमीला दवाखान्यात पोचवल्यावर. आणि बटण बांधलेल्या प्रेसवर बसायला मुलगा ‘नाही’ म्हणाला, तर घरी आल्यावर त्याला रागावू नका. त्या ‘नाही’च्या पाठीशी घर उभे राहिले पाहिजे. दस्तगीरचा अर्थ तोच आहे.

पुढच्या महिन्यात ‘हेड’ हा शब्द घेऊ. तोही कारखान्यात माणसे मोजायलाच वापरतात.