वंशावळीतल्या प्रत्येक नावाला कागद हवा

परवा तहसीलच्या आवारात एक काका भेटले. हातात लॅमिनेशन केलेली रंगीत वंशावळ, आठ पिढ्यांची. नातवानं मोबाइलच्या कुठल्याशा अ‍ॅपमधून काढून दिलेली. दिसायला झकास. मी विचारलं, "काका, हे पणजोबांच्या वडिलांचं नाव कुठल्या कागदात सापडलं?" काका म्हणाले, "घरात सगळे असंच सांगतात की."

2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी घरोघरी जुने कागद बाहेर निघाले. चांगलंच झालं. पण नोंद सापडणं वेगळं आणि ती आपल्याच माणसाची असणं वेगळं. जातपडताळणीत नातं सिद्ध झालं नाही की पोराचा प्रवेश जातो, नोकरीही जाऊ शकते.

आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. रामाचा गणपती, गणपतीचा रामा, परत रामाचा गणपती. त्यात जुन्या नोंदींत कित्येकदा आडनावच नसतं. मी स्वतः दोन वर्षं भलत्याच 'गणपती रामा'ला पणजोबा धरून बसलो होतो! सुटका केली ती एका जुन्या फेरफारानं. गणपती मयत, वारस अमुक अमुक. त्यातलं एकही पोरगं आमच्या घरातलं नव्हतं.

म्हणून माझा भर फेरफारावर. एका नोंदीत दोन पिढ्या जोडलेल्या मिळतात, आणि आपल्या वंशावळीत ज्यांना जागाच नसते त्या बायका, लेकी तिथं वारस म्हणून नावानिशी सापडतात. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जन्माच्या नोंदीला बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढंच. शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखा तर गुरुजींच्या कृपेच्या, निम्मा गाव 1 जूनचा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या जरूर बघा, पण त्यातलं नाव सरकारी कागदाशी ताडून घ्या. मोडी कागद असेल तर मूळ पानाचा फोटो ठेवा, जमलं तर दोघांकडून वेगवेगळा वाचून घ्या.

आणि अ‍ॅप सगळ्यात शेवटी. आधी शंभर पानी वही किंवा साधं एक्सेल. नाव, बापाचं नाव, गाव, कुठला कागद, पान किंवा फेरफार नंबर, कुठल्या कचेरीत पाहिला. ऐकीव असेल तर तसं स्पष्ट लिहा. पुढं अ‍ॅप घ्यायचंच तर जेडकॉम फाइल बाहेर काढू देणारं घ्या, नाहीतर अ‍ॅप बंद पडलं की सगळी मेहनत पाण्यात. पैसे घेऊन तयार वंशावळ देणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा.

प्रशासनाकडे एकच मागणी आहे. कुठल्या गावाची कुठली रजिस्टरं कुठल्या सालापासून शिल्लक आहेत, याची यादी अभिलेख कक्षाच्या दारावर लावा. कागद आहे की नाही एवढं कळायलाच माणसानं तीन-तीन खेपा का घालायच्या?

काका सोमवारी परत येणार आहेत. लॅमिनेशन घरी ठेवा आणि वही आणा, असं सांगितलंय.