कष्टाची ठेव आणि शासनाचे उत्तरदायित्व

सामान्य नोकरदार माणूस आयुष्यभराची पुंजी शासनाच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो केवळ पैसे देत नाही, आपल्या म्हातारपणाचा भरवसा देतो. हा भरवसा ज्याने स्वीकारला, त्याने तो सांभाळलाच पाहिजे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ हिच्याकडे या कसोटीवर पाहिले, तर मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही.

ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालकाच्या बारा टक्के वर्गणीपैकी ८.३३ टक्के रक्कम या निधीत जाते आणि केंद्र शासन १.१६ टक्क्यांची भर घालते. मात्र हा हिशेब प्रत्यक्ष पगारावर होत नाही, तो मर्यादेवर होतो. आरंभी ५,००० रुपये असलेली ही मर्यादा २००१ मध्ये ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. म्हणजे चाळीस हजार मिळविणाऱ्याच्या नावेही निधीत महिना १,२५० रुपयेच जमा होणार आणि त्याचे निवृत्तिवेतनही त्याच तुटपुंज्या पायावर ठरणार.

प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरण्याची मुभा १९९६ मध्ये कागदावर आली. पण किती कर्मचाऱ्यांपर्यंत ती पोहोचली? अखेर न्यायालयाची पायरी चढावी लागली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निकाल दिला आणि पात्र कर्मचाऱ्यांना पर्याय देण्यासाठी चार महिन्यांची मुदत ठरवून दिली. तीही वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. मात्र पर्याय न देता १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच निवृत्त झालेले ज्येष्ठ या निकालाच्या कक्षेबाहेर राहिले.

वाढीव निवृत्तिवेतन हवे, तर फरकाची सारी रक्कम व्याजासह भविष्य निर्वाह निधीतून निवृत्तिवेतन निधीत वळती करावी लागते. ज्याने निवृत्त होऊन आपला निधी उचलला, मुलीचे लग्न केले, डोक्यावर छप्पर घातले, त्याने ती रक्कम पदरची परत आणून भरायची! आणि एवढे करून हाती काय येते?

एक साधा हिशेब मांडू. सरासरी पगार ४०,००० रुपये आणि सेवा तीस वर्षांची. योजनेच्या सूत्रानुसार पगार गुणिले सेवावर्षे भागिले सत्तर, म्हणजे महिना सुमारे १७,१४३ रुपये. पंधरा हजारांच्या मर्यादेत हीच रक्कम सुमारे ६,४२९ होते. वाढ झाली १०,७१४ रुपयांची. यासाठी पंधरा लाख रुपये वळते करावे लागले असे धरू. तेच पंधरा लाख सात टक्क्यांनी ठेवले, तर महिना ८,७५० रुपये येतात आणि मुद्दल शाबूत राहून मुलाबाळांना मिळते. निवृत्तिवेतन निधीत गेलेले मुद्दल मात्र परत येत नाही. पती गेल्यावर पत्नीच्या हाती सर्वसाधारणपणे निम्मीच रक्कम पडते. महागाई कितीही वाढो, निवृत्तिवेतनाचा आकडा जागचा हलत नाही. आज पुरणारे सतरा हजार पंधरा वर्षांनी औषधपाण्यालाही पुरतील काय?

निधीवर भार पडेल, तूट येईल, असा युक्तिवाद केला जातो. तो निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. निधी वर्गणीवर चालतो आणि वर्गणीपेक्षा अधिक देणे कोणालाही शक्य नसते. पण मग ज्याचे पैसे वळते करून घ्यायचे, त्याला संपूर्ण हिशेब आधी, लेखी आणि त्याच्या भाषेत मिळायला नको काय? शिवाय शासनाची १.१६ टक्क्यांची भर पंधरा हजारांवर मोजली, तर ती दरमहा १७४ रुपये होते. एवढ्या वाट्यावर तुटीचा धाक दाखविणे शोभत नाही.

याहून बोचरा प्रश्न किमान निवृत्तिवेतनाचा आहे. २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली. २०१४ मध्ये लागू झाले ते १,००० रुपये. पुढे दशक उलटून गेले, तरी तो आकडा हलला नाही. दरम्यान केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना आली. तीत दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपयांची हमी आहे आणि महागाई दिलासाही आहे. त्याचे स्वागतच आहे. पण जे तत्त्व शासनाने आपल्या नोकरांसाठी मान्य केले, ते साखर कारखान्यात, सूतगिरणीत, एस.टी.त आणि सहकारी बँकेत हाडे झिजविणाऱ्यांसाठी अमान्य का?

आपल्या विचाराचे सरकार असताना हा प्रश्न विचारावा काय, असा संकोच काही कार्यकर्त्यांच्या मनात असतो. तो सोडला पाहिजे. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने सरकार कोणाचे हे पाहून श्रमिकांचे प्रश्न कधी मांडले नाहीत. किमान निवृत्तिवेतनवाढीची मागणीही तो सातत्याने करीत आला आहे. स्वकीयांना स्पष्ट बोलणे हा निष्ठेचाच भाग आहे. विरोधी बाकावरून जे न्याय्य वाटले, ते सत्तेच्या आसनावरून अन्याय्य ठरत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. किमान निवृत्तिवेतनात तातडीने भरीव वाढ व्हावी आणि ते महागाईशी जोडले जावे. निधीचे मूल्यमापन दरवर्षी जनतेसमोर यावे. रक्कम वळती करण्यापूर्वी प्रत्येकाला दोन्ही पर्यायांचा तुलनात्मक तक्ता द्यावा. आणि कुटुंबांनीही घाईने स्वाक्षरी करू नये. मुद्दल कुणाचे राहणार, माघारी पत्नीला किती मिळणार आणि दहा वर्षांनी त्या रकमेत घर चालेल काय, ही तीन उत्तरे पती-पत्नींनी एकत्र बसून, कागदावर मांडून मगच निर्णय घ्यावा.

वृद्धांचा योगक्षेम चालविणे हा आपल्याकडे धर्म मानला गेला आहे. ज्यांनी स्वतःच्या घामातून त्याची आगाऊ किंमत भरली आहे, त्यांना शासनाच्या दाराशी याचक म्हणून उभे राहावे लागू नये.