लुकासला शिव्या घालण्याआधी

जुन्या एमजीबीचे दिवे मिणमिणले, इंजिन अडखळलं, की लगेच लुकासच्या वायरिंगवर तेच शिळे विनोद! पुरे झालं राव. १९६२ ते १९८० मध्ये बनलेली ही ब्रिटिश टू-सीटर. करंट परत जातो तो बॉडीच्या पत्र्यातून, आणि अर्थच्या बोल्टखाली साठलाय चाळीस-पन्नास वर्षांचा गंज. दिवा लावून त्याचा होल्डर आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांत व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास नसेल तर चोर सापडला. पॉलिश पेपर मारा, बोल्ट आवळा.

पण नाही! आमचे शूरवीर आधी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मागवणार. (पॉइंटची ०.३५ ते ०.४० मिमी फट फीलर गेजने तपासायची तसदी कोण घेणार?) बग न शोधता अख्खं मॉड्यूल नव्याने लिहिणारी जमात ती हीच. आणि तो नवा डबा तरी चालणार कशावर? त्याच गंजक्या अर्थवर ना!