सव्वा महिन्यानंतर

मागच्या महिन्यात भाचीकडे सुर्ल्याला जाऊन आले. चोर्ला घाटाजवळचं सत्तरीतलं सुर्ल नव्हे, साखळीच्या पुढचं, डिचोली तालुक्यातलं. बाळंतपण बेळगावात माहेरी झालं, तिसरा महिना लागल्यावर ती सासरी गेली. बाळ आता साडेचार महिन्यांचं, गुटगुटीत. भाची मात्र उतरलेली दिसली.

"सून म्हजे लागीं न्हिदता," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. रात्री बाळ उठतं, आपली मदत होते, असं त्यांना वाटत होतं. दुपारी त्या देवळात गेल्या आणि भाचीनं दार लोटून घेतलं.

"मावशी, हसणार नाहीस न्हवं?"

सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात नवरा-बायको जवळ आले, आणि तिला इतकं दुखलं की टाके उसवले असंच वाटलं. त्या रात्रीपासून बाळाचं निमित्त करून ती सासूबाईंच्या खोलीत. नवऱ्यानं काही विचारलं नाही. त्यानं रात्रपाळी मागून घेतली.

आपल्याकडे मराठीत बाळंतीण, कन्नडमध्ये बाणंती. माहेर म्हणा नाहीतर तवरुमने. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं, सव्वा महिन्याचा सोवळा कोपरा, सगळं दोन्ही घरांत सारखंच. मला त्या कोपऱ्याबद्दल आदर आहे. त्यानं बाईला विश्रांती दिली, नवऱ्याला लांब ठेवलं. पण सव्वा महिना संपला की पुढे काय, हे ना आई सांगते ना सासू. जणू कॅलेंडरचं पान उलटलं की बाईचं अंगही पूर्ववत होतं!

तसं होत नाही. अंगावरून जाणं थांबायलाच चार-सहा आठवडे लागतात. टाके वरून भरले तरी आतून हुळहुळे राहतात. बाळ अंगावर पीत असतं तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनिमार्ग कोरडा पडतो. म्हणजे दुखणं हे प्रेम आटल्याचं लक्षण नव्हे. औषधाच्या दुकानात जेली मिळते, घाई न करणारा नवरा असला की बरंच सोपं होतं. तरीही दुखत राहिलं, ताप आला, घाण वासाचा स्राव किंवा जास्त रक्त गेलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सिझेरियन झालेल्या बाईलाही हा त्रास होतो, हे पुष्कळांना पटत नाही.

"आणि सोय काय केलीस?" मी विचारलं.

"सोय कशाला? पाळी कुठं आलीय अजून?"

मला धस्स झालं. माझ्या दोन मुलांत चौदा महिन्यांचं अंतर आहे. पाळी नाही म्हणून मीही निर्धास्त होते. थोरली सात महिन्यांची असताना कळलं, दुसरं येतंय. एम.ए.ची परीक्षा त्या वर्षी राहिली. धाकट्यावर माझा जीव आहे, पण ती दोन वर्षं कशी काढली ते मलाच ठाऊक. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. मधे दिवस राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी नाही, आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तेवढाच काळ त्या दुधाचा भरवसा. भाचीनं तर डब्याचं दूध सुरू केलं होतं. तांबी, 'अंतरा'चं इंजेक्शन, 'छाया' गोळी हे सरकारी दवाखान्यात मिळतं, आणि पाजणाऱ्या आईला चालतं. 'माला-एन' मात्र पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने घेऊ नये. निरोध तर कुठेही मिळतो.

हे उघड बोलायची आपल्याला अजून लाज. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. गणिताच्या या प्राध्यापकाला त्यापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. शंभर वर्षं उलटली आणि माझी पदवीधर भाची दार लोटून विचारते!

तिचा उतरलेला चेहराही मला साधा वाटला नाही. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्याच एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला होता. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. गरिबीबरोबर नवरा-बायकोतला दुरावा हेही एक कारण निघालं. म्हणून झोप, भूक, रडू येणं, सगळं विचारून घेतलं आणि डॉक्टरांना हेही सांग म्हटलं.

संध्याकाळी जावई मला साखळीच्या स्टँडवर सोडायला आले. गाडीत मी धीर करून विषय काढला. ते समोर बघत गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "मावशी, मला वाटलं तिलाच मी नकोसा झालोय."

बस लागलेली होती. "हे तिला सांगा," म्हटलं, "आणि डॉक्टरांकडे दोघं जा."

गेल्या रविवारी फोन आला. डॉक्टरांनी टाके तपासले, बरे आहेत. तांबी बसवली. जावयांनी रात्रपाळी सोडलीय. भाची अजून सासूबाईंच्याच खोलीत झोपते, पण आता रात्री बाळ उठलं की त्याला खांद्यावर घेऊन फिरवायला जावई येतात.