काचेच्या घरातील शेजारधर्म

श्रावणाच्या आरंभी शेजारच्या बिऱ्हाडातील दहा वर्षांचा मुलगा वडिलांकडून तीन फूट लांबीची काचेची टाकी पदरात पाडून घेऊन थेट माझ्याकडे आला आणि ‘आजोबा, सगळ्यांत जास्त पळणारे मासे कोणते? आणि ते भांडणार नाहीत ना?’ असे एका दमात विचारता झाला. हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, हे समजायला मला स्वतःला कित्येक वर्षे लागली होती.

१९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय शाळकरी वयात पाहिल्यापासून माशांचे वेड मनात घर करून होते; आणि पुढे जेव्हा स्वतःची टाकी घेण्याची ऐपत आली, तेव्हा दुकानात जो जो रंग डोळ्यांत भरला तो तो मी घरी आणला. दोन टायगर बार्ब, एक लांब परांचा फायटर, एक एंजल आणि चार निऑन टेट्रा असे ते संमेलन होते. पंधरवड्यात फायटरच्या परांच्या चिंध्या झाल्या, आणि एका सकाळी निऑन मोजू गेलो तर एकही उरला नव्हता. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील एंजल तेथील लहान मासेही खातो. त्याने आपल्या मुलखाचा शिरस्ता पाळला होता, आणि अपराध सर्वस्वी माझा होता. टायगर बार्बलाही दोष देता येत नाही, कारण आठ-दहांच्या कळपात आपसांतील मानापमानात गुंतून राहणारा हा मासा एकटादुकटा पडला की आपली सारी अस्वस्थता शेजाऱ्याच्या परांवर काढतो. सोबतीचा अभाव हेच पुष्कळदा कलहाचे मूळ असते, आणि जो जीव भयभीत आहे तो खेळत नाही, एक तर लपतो किंवा चावतो, हा धडा त्या चार निऑनांच्या प्राणांच्या मोलाने मला मिळाला.

म्हणून त्या मुलाला मी पहिले नाव सांगितले ते झेब्रा डॅनिओचे. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, दीड-दोन इंचांचा हा मासा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रदेशातला. कंपनी सरकारच्या चाकरीत बंगालमध्ये हिंडलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन या वैद्याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. डॅनिओ दहांच्या थव्याने आणावा. मग पाण्याच्या वरच्या थरात त्यांची जी अखंड शिवाशिव चालते तीत इजा कोणालाच होत नाही. मात्र फायटर किंवा गप्पी यांच्यासारख्या लांब परांच्या संथ माशांना त्यांचा शेजार देऊ नये.

तळासाठी सहा ठिपकेदार कोरी सुचविल्या. वाळूत मिशा खुपसून अन्न हुडकणारी आणि मध्येच बाणासारखी वर जाऊन हवेचा घोट घेऊन येणारी ही जात दक्षिण अमेरिकेतील असून, तिचे नमुने प्रथम गोळा केले ते प्रत्यक्ष डार्विनने, आपल्या ‘बीगल’च्या सफरीत. मधल्या थरासाठी मधाच्या रंगाच्या गुरामीची एक जोडी पुरे. हा मासाही हॅमिल्टनच्याच ग्रंथातला, मूळचा लाजरा, धाग्यासारख्या परांनी समोरची वस्तू चाचपून पाहणारा. या तिघांनाही २२ ते २५ अंशांचे पाणी मानवते. आणि स्वभावाइतकीच ही तापमानाची जुळणी महत्त्वाची असते.

दुकानदाराने मुलाला गोल्ड फिश आणि काच साफ करणारा सकर घेण्याचा आग्रह केला होता. दोन्हींना मी नकार दिला. गोल्ड फिशला गार पाणी लागते आणि तो पाणी फार मळवतो; सकर फुटापेक्षा मोठा होतो, आणि टाकीत मावेनासा झाला म्हणून लोक त्याला नदीत सोडतात, तेव्हा तेथील मूळच्या माशांच्या अन्नावर आणि जागेवर तो अतिक्रमण करतो.

सर्वांत कठीण गेली ती प्रतीक्षा. मासे येण्यापूर्वी क्लोरीन घालवलेल्या पाण्यात रोज चिमूटभर खाद्य टाकून टाकी चालू ठेवावी लागते, कारण त्यातून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत वस्तीला यावयास चार ते सहा आठवडे लागतात. मुलाने ते सारे दिवस कॅलेंडरवर खुणा करून काढले. नवरात्रात डॅनिओ आले, पुढे कोरी आल्या आणि दिवाळीनंतर गुरामी.

गुरामी आल्या त्या वनस्पतींच्या आड दडून बसल्या, आणि मुलगा हिरमुसला. चौथ्या दिवशी सायंकाळी मात्र तो धावत मला बोलवायला आला. वर दहा डॅनिओ बिनघोर पळत होते, आणि त्यांच्याकडे पाहत दोन्ही गुरामी हलकेच उघड्या पाण्यात आल्या होत्या. लहान, निरुपद्रवी मासे मोकळ्यावर खेळताना दिसले की जवळपास शत्रू नाही अशी भित्र्या माशांची खात्री पटते, हे मी त्याला सांगणार होतो. पण काचेला नाक लावून तोच पुटपुटला, ‘आजोबा, ते पळतायत म्हणून यांची भीती गेली.’ मी काही न बोलता त्याच्या शेजारी बसून राहिलो.