देशमुखांचे १९६९

गेल्या १४ जानेवारीला, चिंतामणराव देशमुखांच्या जयंतीदिवशी, मी त्यांच्यावर एक थ्रेड लिहिला होता. तो बऱ्यापैकी वाचला गेला. त्याखाली एका वाचकाने एकच ओळ लिहिली : ‘१९५६ वर का थांबलात? १९६९ चे काय?’ मी उत्तर दिले की तो स्वतंत्र विषय आहे. ते उत्तर खरे नव्हते. मी थांबले होते, कारण पुढची गोष्ट माझ्या नायकाच्या चित्रात बसत नव्हती. आजचा थ्रेड म्हणजे त्या वाचकाला उशिरा दिलेले उत्तर समजा.

आधी नायकाविषयी थोडे. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने महाड गाठावे आणि तेथून रायगडाच्या रस्त्याला लागावे, म्हणजे नाते हे गाव लागते. १८९६ मध्ये देशमुखांचा जन्म तेथला, घराणे रोह्याचे. आमचा पनवेल तालुका आणि त्यांचे महाड-रोहे हे सारे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. (जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.) मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, मग आयसीएस, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री, १९५२ मध्ये कुलाब्याहून लोकसभेवर. फावल्या वेळात मेघदूताचा मराठी अनुवाद. अशी माणसे आपल्या जिल्ह्यात होऊन गेली, हे शाळेत आम्हांला कोणी सांगितले नाही, हे जाता जाता नोंदवते.

१९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून पंतप्रधानांवरच आरोप केला की हा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून घेतला गेला. मुंबईतील गोळीबाराच्या चौकशीस नकार मिळाला, याबद्दलही ते बोलले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या कोणत्याही पुस्तकात हा राजीनामा सोनेरी अक्षरांत येतो. माझा जुना थ्रेड येथे संपला होता.

आता तेरा वर्षे पुढे येऊ. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवन राम हवे होते. ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्षातल्या जुन्या धुरीणांना लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी हवे होते. मतदान झाले. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण एका बाजूला. इंदिराबाई आणि फक्रुद्दीन अली अहमद दुसऱ्या बाजूला. चार विरुद्ध दोन. रेड्डी पक्षाचे अधिकृत उमेदवार ठरले आणि त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून खुद्द पंतप्रधानांनी सही केली.

मग घटना फार वेगाने घडल्या. मोरारजींचे अर्थखाते काढून घेतले गेले. १९ जुलैला वटहुकुमाने चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वटहुकुमावर हंगामी राष्ट्रपती म्हणून सही होती गिरींची; दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष उमेदवार म्हणून रिंगणात उतरले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी तिसरा उमेदवार उभा केला. तो उमेदवार म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख.

त्या वर्षी निवडणुकीला ‘पुरोगामी विरुद्ध प्रतिगामी’ असा रंग दिला गेला. राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे ते पुरोगामी, उरलेले प्रतिगामी. या मापाने देशमुख थेट प्रतिगाम्यांच्या रांगेत गेले. पण हे माप त्यांच्याच कारकिर्दीला लावून पाहा. १९४९ मध्ये रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर कोण होते? देशमुख. १९५५ मध्ये इम्पीरियल बँक ताब्यात घेऊन स्टेट बँक उभी राहिली तेव्हा अर्थमंत्री कोण होते? देशमुख. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण एका रात्रीत वटहुकुमाने झाले, तेव्हाही अर्थमंत्री तेच. इंदिराबाईंनी १९६९ मध्ये जी रीत वापरली, तिचा धडा देशमुखांनी तेरा वर्षे आधी घालून दिला होता.

म्हणजे खासगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाने देशातला सर्वांत अनुभवी ‘राष्ट्रीयीकरण करणारा’ माणूस उमेदवार म्हणून निवडला, आणि राष्ट्रीयीकरणाचा जयघोष करणाऱ्यांनी त्याच माणसाला विरोधी गोटात ढकलले. दोघांनाही त्यांच्या कामाशी कर्तव्य नव्हते. एका बाजूला काँग्रेसबाहेरचे वजनदार नाव हवे होते. दुसऱ्या बाजूला ते नाव कोणाच्या पाठिंब्याने आले एवढेच पुरेसे होते.

आता सिंडिकेटकडे वळू, कारण येथे मतमोजणीची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत खासदार आणि आमदार पसंतीक्रम लिहितात : पहिली पसंती, दुसरी पसंती. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मतमूल्य मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. त्यामुळे देशमुख निवडून येणार नाहीत हे जितके स्पष्ट होते, तितकेच हेही स्पष्ट होते की त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती निर्णायक ठरेल. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा हे जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले ते याच दुसऱ्या पसंतीसाठी.

जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी लगेच त्यांना जाब विचारणारे पत्र पाठवले : जातीय आणि उजव्या शक्तींशी तुम्ही कसली बोलणी करता? प्रश्न रास्त होता. पण गिरींना कम्युनिस्ट, द्रमुक आणि अकाली दल यांची मते मिळणार होती, त्याविषयी हाच गट चकार शब्द काढत नव्हता. उलट सिंडिकेट गिरींच्या मागे कम्युनिस्ट आहेत म्हणून गळा काढत होती आणि स्वतः जनसंघाच्या दारी जाऊन आली होती. आपल्या उमेदवाराला मिळाले तर ‘व्यापक समर्थन’, दुसऱ्याला मिळाले तर ‘अभद्र युती’. हे शब्द माझे आहेत, पण त्या वेळचा सारा वाद या दोन शब्दांत मावतो.

शिस्तीचेही तसेच. पक्षाच्या उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून सही करायची आणि नंतर खासदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची मोकळीक द्यायची, हे जर मोरारजींनी केले असते तर त्याला विश्वासघात हाच शब्द वापरला गेला असता, आणि तो वापरणाऱ्यांत इंदिराबाईंचे समर्थक पहिले असते. मला व्यक्तिशः वाटते की राज्यघटनेने हे मतदान गुप्त ठेवले आहे, त्यामुळे मोकळीक देण्याची मागणी तत्त्वतः चूक नव्हती. फक्त हे तत्त्व बंगळूरला आपला उमेदवार हरल्यानंतर आठवले.

आणि स. का. पाटील! मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून ज्यांनी जंग जंग पछाडले, ते सिंडिकेटचे मुंबईतले खंदे नेते. त्यांच्या गटाचा उमेदवार आता अशा माणसाच्या मतपत्रिकांवर अवलंबून होता, ज्याने मुंबईसाठी मंत्रिपद फेकले होते. इतिहासाला विनोदबुद्धी असते, असे कधीकधी वाटते ते अशा ठिकाणी.

मतदान १६ ऑगस्टला झाले, निकाल २० ऑगस्टला लागला. उमेदवार एकूण पंधरा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. कोणीच पोहोचले नव्हते. मग इतर उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद झाले, दुसरी पसंती मोजली गेली, आणि अंतिम आकडे आले : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

या आकड्यांपाशी थोडे थांबा. हस्तांतरित मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली आणि गिरींच्या वाट्याला अवघी १८,५६२ आली. निजलिंगप्पांची बोलणी वाया गेली नव्हती. ती कमी पडली. फरक १४,६५० चा. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे गिरींना मत देणारे तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते, तर निकाल उलटला असता. अपक्ष म्हणून राष्ट्रपती झालेले गिरी हे आजवरचे एकमेव. त्यांच्या निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटले गेले होते, हाही त्यातला एक मुद्दा. राष्ट्रपती स्वतः साक्षीसाठी न्यायालयात हजर राहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली.

महाराष्ट्रात काय झाले? हा प्रश्न मला सर्वांत अधिक सतावतो. कॉम्रेड डांगे संयुक्त महाराष्ट्र समितीचे आघाडीचे नेते; त्यांचा पक्ष गिरींच्या बाजूला. त्यांच्या पक्षाच्या धोरणाशी ते सुसंगतच होते. १९५६ मध्ये राजीनामा न देणारे यशवंतराव बंगळूरला रेड्डींच्या बाजूने होते आणि पुढे पक्ष फुटला तेव्हा इंदिराबाईंबरोबर गेले. आचार्य अत्रे १३ जूनलाच गेले होते. ते असते तर काय लिहिले असते, याचा मी अनेकदा विचार करते आणि सोडून देते. राष्ट्रपतिपदासाठी पहिल्यांदाच एवढ्या उंचीचा मराठी माणूस उभा होता. तरी ‘मराठी राष्ट्रपती’ हा मुद्दा पक्षांच्या हिशेबात कोठेच भरला नाही.

तो भरला ३८ वर्षांनी. २००७ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीने जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभा पाटील यांना उमेदवारी दिली. त्यांच्यासमोर उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत अपक्ष म्हणून उभे होते. पाठिंबा भाजप आणि मित्रपक्षांचा. शिवसेनेने मित्रपक्षाला बाजूला ठेवून मराठी उमेदवाराला मत दिले. निकाल एकतर्फी लागला : ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६.

त्या काळातले अंक मी ग्रंथालयात चाळले आहेत. सेनेला एरवी जातीय म्हणणाऱ्यांना तिची मते अचानक खटकेनाशी झाली होती. युतीधर्माचा भंग झाला म्हणून ज्यांचा संताप होत होता, त्यांचा स्वतःचा उमेदवार इतर पक्षांतून मते फुटतील या आशेवर अपक्ष राहिला होता. दोन्ही उमेदवारांच्या पूर्वायुष्यावरून आक्षेप घेतले गेले. आपल्या उमेदवारावरचा आक्षेप ही बदनामी आणि समोरच्यावरचा आक्षेप हा जनतेचा प्रश्न, अशी वाटणी दोन्हीकडे होती. त्या वेळी मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या घरी ‘आपली बाई राष्ट्रपती झाली’ म्हणून पेढे आणले होते, एवढे आठवते. पेढे आणणाऱ्या माझ्या आजोबांना मी अलीकडे विचारले, १९६९ मध्ये देशमुखांसाठी तुम्हांला असे काही वाटले होते का? ते म्हणाले, ‘अगं, ते जनसंघाचे ना?’

देशमुख जनसंघाचे कधीच नव्हते. ते १९५२ मध्ये काँग्रेसचे खासदार होते आणि १९५६ नंतर विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ अशा संस्थांत रमले. पण एका पाठिंब्याने त्यांच्यावर बसलेला शिक्का आमच्या घरात पन्नास वर्षांनंतरही तसाच होता. माझ्या थ्रेडमध्येही तो होताच, फक्त शाई दिसत नव्हती. मी उल्लेख टाळला, तो त्या शिक्क्याच्या लाजेपोटीच.

त्यांनी ही उमेदवारी का स्वीकारली असावी? वय ७३. पराभव जवळपास निश्चित. राष्ट्रपती पक्षातीत असावा, ही भूमिका त्यांच्या स्वभावाला पटणारी होती असे मला वाटते. पण ज्या दोन पक्षांचा आधार घेऊन ती मांडायची, त्यांना दुसऱ्या पसंतीचा सौदाही करायचा होता, हे त्यांच्यासारख्या हिशेबी माणसाला दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. येथे मी त्यांना सूट देणार नाही. इंदिराबाईंच्या सहीला जी कसोटी लावली, तीच देशमुखांच्या अर्जालाही लावायला हवी.

पुढचे थोडक्यात. नोव्हेंबर १९६९ मध्ये इंदिराबाईंची पक्षातून हकालपट्टी झाली आणि काँग्रेस दुभंगली. ज्या रेड्डींना प्रतिगामी म्हणून पाडले, ते जुलै १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. त्यांच्याविरुद्ध कोणत्याही पक्षाने उमेदवार दिला नाही. देशमुखांचे आत्मचरित्र १९७४ मध्ये आले. १९७५ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण जाहीर झाले. पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. राष्ट्रपती होते फक्रुद्दीन अली अहमद, ज्यांनी १९६९ मध्ये निजलिंगप्पांना ते जाब विचारणारे पत्र पाठवले होते.

जुना थ्रेड मी काढून टाकलेला नाही. त्याच्या शेवटी या थ्रेडचा दुवा जोडला आहे.